दुष्काळात देऊळ उभारणारे तुकोबा

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की सुबत्तेचे दिवस डोळ्यांपुढे येतात. पीकपाणी बरे झाले, धंद्यात बरकत आली, गावाच्या हाती चार पैसे खेळू लागले, म्हणजे मग शिखराला कळस चढवावा, सभामंडपाला फरशी बसवावी, अशी सर्वसाधारण रीत आहे. परंतु महाराष्ट्रात ज्या जीर्णोद्धाराची आठवण पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली, तो मात्र भर विपत्तीत झालेला आहे. ज्याचे दिवाळे निघाले होते, ज्याची गुरेढोरे मेली होती, ज्याच्या घरातील माणूस अन्न अन्न करीत गेले होते, अशा एका ऐन विशीतल्या दुकानदाराने तो आपल्या हातांनी केला. ते गाव देहू, ते देऊळ श्रीविठ्ठलाचे, आणि तो दुकानदार म्हणजे संतश्रेष्ठ श्रीतुकाराम महाराज.

इंद्रायणीच्या काठी, पुण्यापासून दहा कोसांच्या आतबाहेर, देहू हे गाव आहे. तेथील मोरे घराण्यात तुकोबांचा जन्म झाला. जन्मशकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि शके १५३०, म्हणजे सन १६०८, हे साल बहुतेकांस मान्य आहे. घराणे कुणब्याचे, पण गावची महाजनकी त्यांच्याकडे होती. शेती होती, दुकान होते, देवघेवीचा व्यवहार होता. वडिलांचे नाव बोल्होबा, आईचे कनकाई. थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. घरात विठ्ठलाची भक्ती तुकोबांच्या आधी आठ पिढ्यांपासून चालत आलेली. मूळ पुरुष विश्वंभरबाबा यांनी पंढरीची वारी अखंड केली, आणि विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्यावर त्यांची देहूत स्थापना करून देऊळ बांधले, असे परंपरा सांगते. ते देऊळ घराचेच असल्यासारखे होते. सणवार, एकादशी, पूजाअर्चा, सारे तेथेच.

सावजींचे मन प्रपंचात नव्हते. त्यामुळे वडिलांनी व्यवहाराचा भार मधल्या मुलाच्या खांद्यावर टाकला. तुकोबा तेव्हा अवघे तेरा वर्षांचे असतील. या वयात दुकानाचा गल्ला, शेतीचा हिशेब, कुळांची देणीघेणी, सारे त्यांनी सांभाळले, आणि चांगले सांभाळले. लग्न झाले. पहिली पत्नी रखुमाबाई दमेकरी निघाली, म्हणून वडीलधाऱ्यांनी पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची कन्या जिजाई हिच्याशी दुसरे लग्न लावून दिले. घर भरलेले होते. पेठेत शब्दाला किंमत होती. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पनाही कोणास नव्हती.

सतराव्या वर्षापासून एकेक आधार निखळू लागला. वडील गेले, आईही गेली. सावजींची पत्नी वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले. धंद्यात खोट येऊ लागली. दिलेले पैसे वसूल होईनात, घेतलेले फेडता येईनात. अखेरीस दिवाळे निघाले. बाजारात ज्याला मान होता त्याला आता तोंड चुकवून चालावे लागे. पैसा जाण्यापेक्षा पत जाणे अधिक झोंबते, हे व्यापारी माणसास सांगावयास नको.

त्यातच सन १६३० चा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या सालीही पिके हाती लागली नाहीत. दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलखांवर पडलेला हा दुष्काळ इतिहासात महाभयंकर म्हणून नोंदला गेला आहे. काळही मोठा अस्थिर होता. मलिक अंबर १६२६ साली मरण पावल्यानंतर निजामशाही खिळखिळी झाली होती. तिचे लचके तोडण्यासाठी मोगलांच्या फौजा दख्खनेत उतरल्या होत्या, आणि १६३३ मध्ये देवगिरीचा किल्लाही त्यांच्या हाती गेला. जालना, औरंगाबाद, बीड हा आपला सारा टापू त्या धामधुमीच्या वाटेवरच होता. तिकडे आदिलशाही सरदाराने पुणे जाळून उजाड केले, गाढवाचा नांगर फिरविला. अस्मानी आणि सुलतानी दोन्ही एकदम कोसळल्या. शेतात दाणा नाही, आडात पाणी नाही, आणि दाराशी कोणाची फौज येईल याचा भरवसा नाही. शिवाजी महाराज तेव्हा शिवनेरीवर तान्हे बाळ होते. स्वराज्य ही गोष्ट अजून कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

या दुष्काळात तुकोबांच्या घरची गुरे मेली. रखुमाबाई उपाशीपोटी गेली. थोरला मुलगा संतूही गेला. पुढे तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकीकत एका अभंगात थोडक्यात सांगितली आहे. तीत त्यांनी काहीही झाकून ठेवलेले नाही. आईबाप गेले, दुष्काळाने पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्नावाचून मेली, जिवाला लाज वाटली, दुःखाने त्रासून गेलो, हे सारे ते सरळ सांगतात. संत झाले म्हणून दुःख झालेच नाही असा आव त्यांनी कधी आणला नाही. तुकोबांच्या चरित्रातील ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मन उबगले तेव्हा ते गाव सोडून भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवस ते तेथे होते, असे सांगतात. त्या एकांतात काय घडले ते शब्दांत मांडणे कठीण. पण डोंगर चढून गेलेला माणूस आणि उतरून आलेला माणूस यांत अंतर पडले होते एवढे खरे. धाकटे बंधू कान्होबा शोध घेत तेथे पोचले, आणि दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. तेथे तुकोबांनी घरातील कर्जाचे सारे कागद आणविले. गावोगावच्या कुळांकडून येणे असलेल्या रकमांची ती खते होती. कान्होबांचा संसार होता, त्यांच्यावर आपला विचार लादणे बरे नव्हे, म्हणून निम्मे कागद त्यांच्या स्वाधीन केले. आपल्या वाट्याचे निम्मे इंद्रायणीच्या डोहात सोडून दिले.

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ती खते म्हणजे रद्दी नव्हती. दुष्काळ सरला असता, पाऊस पडला असता, तर त्यांतली काही तरी वसुली झाली असती, आणि बुडालेले दुकान पुन्हा उभे राहिले असते. परंतु ज्यांच्याकडून ते येणे होते तीही दुष्काळाने होरपळलेली माणसे होती. त्यांच्या घरीही कोणी ना कोणी गेले होते. स्वतः देणेकऱ्याचे दुःख भोगलेल्या माणसाने दुसऱ्याच्या गळ्याचा फास आपल्या हाताने सोडला. तुकोबांच्या परमार्थाची सुरुवात टाळ-मृदंगाने झाली नाही, ती या ऋणमुक्तीने झाली.

आणि मग त्यांची दृष्टी देवळाकडे वळली. पूर्वजांनी बांधलेले ते देऊळ भंगले होते. गावात कोणाची ऐपत उरलेली नव्हती. पंचांकडे मागावे तर पंचांच्याच घरी चूल पेटण्याची पंचाईत. वर्गणी नाही, देणगी नाही, गवंडी नाही, मजूर नाही. अशा वेळी तुकोबांनी हिशेब मांडला नाही. मनात आले की हे देऊळ नीट करावे, आणि ते कामास लागले. कवी महिपतींनी आपल्या ‘भक्तलीलामृत’ ग्रंथात याचे वर्णन केले आहे. तुकोबांनी स्वतः माती कालविली, दगड वाहिले, भिंती उभ्या केल्या. ज्या हातांनी कालपरवापर्यंत तराजू धरला होता त्या हातांना चिखल लागला.

त्या वेळी लोकांनी त्यांना वेड्यात काढले असेल, तर त्यात नवल नाही. पोटाला नाही आणि देऊळ कसले बांधतो, हा प्रश्न कोणाच्याही मनात येणारा आहे. आजही येतो, आणि तो खोटा नाही. पण तुकोबांनी आधी काय केले आणि नंतर काय केले, याचा क्रम पाहिला म्हणजे त्याचे उत्तर सापडते. आधी त्यांनी गांजलेल्या माणसांचे कर्ज सोडले, मग देवाच्या भिंतीला हात घातला. आणि भिंत उभी राहिल्यावर तेथे एकादशीचे कीर्तन सुरू केले. आरंभी आपल्याला काही येत नव्हते, म्हणून संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले, असे ते स्वतःच प्रांजळपणे सांगतात. दुष्काळाने विस्कटलेल्या गावाला पुन्हा एका जागी बसण्यास त्यामुळे ठिकाण मिळाले. ज्याच्या घरी कोणी गेले आहे तो आणि ज्याचे शेत गेले आहे तो, दोघे शेजारी बसून टाळ वाजवू लागले.

पुढे तुकोबांनी एक अभंग रचला, तो महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. त्यात ते देवाचे आभार मानतात. दिवाळे निघाले हे बरे झाले, दुष्काळाने पीडिले हे बरे झाले, मान गेला, धन गेले, बायको कर्कशा मिळाली, जनांत अपमान झाला, हेही बरेच झाले, असे एकामागून एक मोजीत जातात. वरवर वाचणाऱ्यास हा अभंग कठोर वाटतो. ज्याचे माणूस भुकेने गेले त्याने आभार मानावेत तरी कसे? परंतु हा तोच माणूस आहे ज्याने त्या मरणाची लाज आणि वेदना दुसऱ्या अभंगात उघडपणे बोलून दाखविली. दोन्ही अभंग एकाच अंतःकरणातून आलेले आहेत. दुःख गोड होते असे तुकोबा म्हणत नाहीत. त्या दुःखाने आपणांस कोठे आणून सोडले ते पाहून ते हात जोडतात. जे हिरावले गेले ते परत मिळणार नव्हते. उरले होते ते मन. ते कडू करावयाचे की कृतज्ञ करावयाचे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि त्यांनी कृतज्ञता निवडली. ही निवड त्यांना एकदाच करून भागले नाही. आयुष्यभर ती पुनःपुन्हा करावी लागली.

येथे जिजाईंचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. लोक त्यांना आवली म्हणत. त्यांचा स्वभाव तापट होता, तोंड फटकळ होते, असे सारे सांगतात. पण पोरांच्या मुखी घास घालण्याची चिंता त्यांच्याच माथ्यावर होती. महिपतींनी एक कथा दिली आहे. जिजाईंनी आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला व्यापारास धाडले. मीठ विकून तुकोबांनी नफाही केला. परतीच्या वाटेवर कर्जापायी छळ सोसणारा एक गरीब ब्राह्मण भेटला, आणि त्यांनी सारी रक्कम त्याच्या सोडवणुकीसाठी देऊन टाकली. रिकाम्या हातांनी घरी आलेल्या नवऱ्यावर जिजाई संतापल्या, तर त्यांना दोष कोण देईल? तरीही डोंगरावर ध्यान करीत बसलेल्या नवऱ्यास भाकर पोचविण्यासाठी त्याच जिजाई अनवाणी चालत जात. तुकोबांच्या आशेला देवाचा आधार होता, आणि त्यांच्या घराला जिजाईंचा. देहूच्या कथेत या दोन्ही आधारांची नोंद राहिली पाहिजे.

कीर्तन करता करता तुकोबांना कवित्वाची स्फूर्ती झाली. स्वप्नात पांडुरंगासह नामदेवराय आले आणि त्यांनी अपुरे राहिलेले अभंगरचनेचे काम सोपविले, असे ते सांगतात. भंडाऱ्याच्या डोंगरावर बसून ते चिंतन करीत. शब्द साधे, बोली कुणब्याची, दाखले शेताचे, बाजाराचे आणि घरातले. ते ऐकून माणसे भारावून जाऊ लागली. चाकणचे तेली संताजी जगनाडे यांच्यासारखे शिष्य ते अभंग उतरून घेऊ लागले. परंतु शूद्राने वेदांताचा अर्थ सांगावा हे काहींना रुचले नाही. वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांनी आक्षेप घेतला, आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या.

ज्या डोहात एकदा कर्जाची खते स्वखुशीने सोडली होती त्याच नदीत आता जन्माची कमाई गेली. पहिल्या वेळी मन हलके झाले होते. या वेळी ते फाटले. तुकोबा नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसले. या प्रसंगीचे त्यांचे अभंग वाचले म्हणजे कळते की निराशेने त्यांनाही ग्रासले होते, त्यांनी देवाशी भांडणही केले होते. परंतु ते शिळेवरून उठून गेले नाहीत. तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर तरून आल्या, अशी श्रद्धा आहे. नदीने वह्या राखल्या असे कोणी म्हणो, की लोकांच्या कंठाने अभंग राखले असे कोणी म्हणो, ते बुडाले नाहीत हे निर्विवाद. आज गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. पुढे रामेश्वरभट्टांचेच मन पालटले आणि ते तुकोबांचे भक्त झाले. तुकोबांनी मागचे काही उकरून काढले नाही. मंबाजी नावाच्या गोसाव्याने काटेरी फांदीने झोडपले, तेव्हाही रात्री कीर्तनाला तो दिसला नाही म्हणून ते त्याला बोलावण्यास त्याच्या घरी गेले, अशी कथा आहे.

तुकोबांची कीर्ती मराठवाड्यातही पोचली. वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या बहिणाबाईंनी कोल्हापुरात कीर्तनांतून त्यांचे अभंग ऐकले, आणि स्वप्नात त्यांचा उपदेश झाला असे मानून त्यांना गुरू केले. ब्राह्मण घरातील या स्त्रीने कुणबी संताला गुरू करावे, याचा पतीला फार राग आला. तिने तो छळ सोसला, पण निष्ठा सोडली नाही. अखेर सारे कुटुंबच देहूस गेले आणि तिला तुकोबांचे दर्शन घडले. आपले चरित्र तिने स्वतः अभंगांतून सांगून ठेवले आहे. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे तिची समाधी आहे. देहूचा दिवा आपल्याकडे असा एका बाईच्या हाताने आला.

फाल्गुन वद्य द्वितीयेस, सन १६५० च्या सुमारास, तुकोबांनी इहलोकीची यात्रा संपविली. वारकरी संप्रदाय त्यांचे सदेह वैकुंठगमन मानतो, आणि तो दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. जिजाई त्या वेळी गरोदर होत्या. वडील गेल्यानंतर जन्मलेल्या त्या मुलाचे नाव नारायण. बापाचे मुखही न पाहिलेल्या याच मुलाने सन १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीच्या वारीस भव्य रूप दिले. ती पालखी दरवर्षी निघते. २०२० मध्ये महामारीमुळे लाखोंच्या दिंड्या निघू शकल्या नाहीत, तेव्हा मोजक्या वारकऱ्यांनी पादुका एस.टी. बसमधून पंढरपुरास नेल्या. वाट बदलली, पण वारी चुकली नाही.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांना तुकोबांची ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात याच भागातील बायाबापड्यांनी खडी फोडली, मिलोची भाकर खाल्ली. २०१२-१३ साली पाण्यावाचून मोसंबीच्या बागा वाळल्या, पोटच्या पोरासारखी वाढविलेली झाडे तोडून सरपण करावे लागले. एम.आय.डी.सी.तल्या भट्ट्या मंदीत थंडावल्या म्हणजे पाळ्या कमी होतात, आणि मग किराणा दुकानाच्या उधारीची वही फुगत जाते. ८ मे २०२० रोजी जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मजूर टाळेबंदीत रेल्वेरुळांनी पायी आपल्या मुलखाकडे निघाले होते. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपलेल्या त्यांतील १६ जणांना मालगाडीने चिरडले. मध्य प्रदेशातील खेड्यांतून पोटासाठी आलेली ती माणसे होती. अशा मरणापुढे कोणाचीही कृतज्ञतेची भाषा अडखळते, आणि अडखळलीच पाहिजे. रखुमाबाईच्या मरणापुढे तुकोबांचीही अडखळली होती.

तरीही ते गप्प बसून राहिले नाहीत. त्यांनी कोणाचे कर्ज सोडले, कोठे माती कालविली, कोणाला कीर्तनाला बोलावले, हे त्यांच्या चरित्रातून काढून टाकले तर नुसते आभाराचे शब्द उरतील, आणि त्या शब्दांना वजन राहणार नाही. कठीण काळात आशा धरणे म्हणजे पुढे सारे ठीक होईल अशी स्वतःची समजूत घालणे नव्हे. पाऊस कधी पडेल हे तुकोबांनाही ठाऊक नव्हते. ठाऊक नसतानाच त्यांनी भिंतीचा पहिला दगड ठेवला.

म्हणून ज्या गावात देवळाचे काम निघते तेथे तुकोबांचे स्मरण व्हावे हे योग्यच आहे. मोठी देणगी देणारा उद्योजक, दिवसाची मजुरी सोडून श्रमदानास आलेला कामगार, घरून पाण्याची घागर आणून चुना भिजविणारी माउली, या सर्वांचा तो पूर्वज आहे. देऊळ पुरे झाल्यावर तेथे कोण बसणार, परगावाहून पोटासाठी आलेल्या मजुराला मंडपात जागा मिळणार की नाही, अडलेल्या शेजाऱ्याच्या उधारीचे काय होणार, हे प्रश्नही त्याच्याच चरित्रातून उभे राहतात. त्यांची उत्तरे ज्या गावात बरी मिळतात त्या गावच्या कळसाला देहूच्या त्या मातीच्या भिंतीचा आशीर्वाद लाभतो. श्रीपांडुरंग सर्वांना तशी बुद्धी देवो.